पान सत्तेचाळीस

इंदोरा, नागपूर
२७ मार्च १९८१

प्रिय जया,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं आणि संत्र्यांची पेटीही पोचली. पेटी नरखेड गाडीच्या कंडक्टरनं स्टँडवर माझ्या हातात दिली आणि वर मलाच विचारतो, "तुमी जयवंताबाईच्या बहीन का? मंग तुमाले बी लय माहिती असन!" मी म्हटलं, आहे थोडीफार. चार संत्री दबली होती, बाकी सगळी गोड निघाली. गोड निघायचीच. तुझ्या हातून काही आंबट झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

इथे ऊन आताच मी म्हणतंय. वार्षिक परीक्षेचे पेपर यायचेत. डावा गुडघा जिना चढू देत नाही. शेजारच्या भीमाबाईच्या मुलीचं लग्नही एप्रिलमध्येच आहे आणि भीमाबाई म्हणते, सुभद्रामास्तरीण असल्याशिवाय पंगत बसणार नाही. ही सगळी कारणं मी ओळीनं का मांडते आहे हे तुला कळलंच असेल. तुझ्या गावच्या एसटी थांब्यावर ग्रामपंचायत पक्का सिमेंटचा फळा करून देते आहे, चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्याच्यावर पहिली ओळ मी लिहावी असं तुझं म्हणणं. मोठ्या बहिणीचा मान.

जया, मला जमणार नाही. तिथे तुझी दोन मुलं आहेत, गावात चांगलं अक्षर असलेला कुणी मास्तर असेल, त्याच्याकडून लिहून घे. नाहीतर तूच लिही. अकरा वर्षं त्या भिंतीवर तूच लिहिते आहेस, रोज एका मोठ्या माणसाची कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. आता पक्का फळा झाला म्हणून माझं अक्षर कशाला? माझं अक्षर तुला ठाऊक आहे. पट्टीनं रेघा आखून लिहिलं तरी रेशनच्या दुकानाच्या पाटीसारखं दिसतं.

रुपरावांना माझा जय भीम. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत त्या फटफटीवरून रानोमाळ फिरतात, उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायला सांग.

२९ मार्च

परवा इथपर्यंत लिहून पत्र पाकिटात घातलं, आणि डिंक लावायच्या आधी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यातल्या एका ओळीनं मला दोन दिवस भाकर गोड लागू दिली नाही. ती कुठली, ते पुढे सांगते. आधी दुसरं सांगते, म्हणजे हात चालेल.

तुला आपल्या शाळेच्या व्हरांड्यातला फळा आठवतो? सदर भागातल्या त्या शाळेत मी सत्तावन्न सालापासून तो लिहीत होते. हेडमास्तरांनी मला लावल्या दिवसापासून ते काम दिलं होतं. "थोरांची ओळख". रोज प्रार्थनेआधी एक गोष्ट. न्यूटनचं सफरचंद, टिळकांची टरफलं, दिव्याखाली अभ्यास, नदी पोहून शाळेत जाणं. नऊ वर्षं मी तेच फिरवून फिरवून लिहिलं. मुली प्रार्थनेला जाताना फळ्याकडे पाहायच्या, घड्याळाकडे पाहावं तसं.

मग सहासष्टच्या जूनमध्ये तू त्याच शाळेत लागलीस. मीच तुझा अर्ज हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला होता. मीच तुला मुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. आणि महिन्याभरात हेडमास्तर म्हणाले, "सुभद्राबाई, सोमवार ते बुधवार फळा जयवंताबाईंना द्या. मुलींना जरा बदल." आयत्या बिळावर नागोबा, हे मी त्या दिवशी मनात म्हटलं. आज कागदावर लिहिते.

तुझ्या पहिल्या सोमवारी तू लिहिलंस की फ्लॉरेन्स नाइटिंगेल खिशात घुबडाचं पिल्लू घेऊन फिरायच्या. जया, त्या दिवशी प्रार्थना दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. मंगळवारी सहावीतली एक पोरगी फ्रॉकच्या खिशात चिमणी घालून आली. बुधवारी तू फॅरडेची गोष्ट लिहिलीस, पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला होता आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचून शास्त्रज्ञ झाला. गुरुवारी माझा दिवस. मी टिळकांची टरफलं लिहिली. कुणी थांबलं नाही. एका मुलीनं दुसरीला विचारलेलं मी कानांनी ऐकलं, "जयाबाईंचा वार कधी आहे गं?"

अंगाचा तिळपापड म्हणतात ना, तो काय असतो ते मला तेव्हा कळलं. लोकांना वाटतं मत्सर परक्याचा होतो. परक्याचा कशाला होईल? परक्याच्या अभ्यासासाठी मी दिव्याची काच पुसली नव्हती.

पण शाळेचं मी सोसलं असतं. बाबांचं सोसवलं नाही. तुला आठवतं, बाबा गिरणीतून सुटले की सरळ घरी न येता शाळेच्या फाटकावरून यायचे. छप्पन साली आपल्या दोघींना हाताला धरून दीक्षेला नेलं आणि परतताना म्हणाले, "आता वाचाले लागा." तेच बाबा. मी नऊ वर्षं फळा लिहिला, तेव्हा ते फाटकापाशी उभे राहून, "चाल वं, घरी चाल," एवढंच म्हणायचे. तू लागलीस आणि ते मला, मला, विचारायला लागले, "आज जयानं काय लिवलं वं?" मी सांगायचे. सगळं सांगायचे, घुबडासकट. आणि ते रस्ताभर हसत चालायचे. गुरुवार ते शनिवार त्यांनी काहीच विचारलं नाही, जया. दीड वर्षात एकदाही नाही.

आता ती ओळ. तू लिहिलं आहेस: "ताई, पुस्तक हातात असल्याशिवाय मी आता एक अक्षर लिहीत नाही. तो लिंकन मी कुठे वाचला होता कोण जाणे. वाचलाच नसेल, मनानंच रचला असेल. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू माझ्यासाठी खोटं बोलली नाहीस याचा तेव्हा राग आला होता. आता अभिमान वाटतो. म्हणून पहिली ओळ तुझ्या हातची हवी."

तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, टोमणा मारते आहे. पण तुला टोमणा मारता येत नाही. तेही मला खुपत आलं आहे.

१ एप्रिल

आज शाळेला सुट्टी टाकली आहे. चहा पिऊन सकाळीच लिहायला बसले. भीमाबाई दारातून विचारून गेली, "काय लिवून राहिली वं मास्तरीण सकायपासून?" मी म्हटलं, बहिणीला पत्र. ती म्हणाली, "येवढं काय असते बहिनीले लिवाचं?" तिला काय सांगू.

अडुसष्टचा फेब्रुवारी. सोमवारी तपासणी होती. तुझी नोकरी कच्ची होती आणि त्या तपासणीच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती, हे मला, तुला आणि हेडमास्तरांना ठाऊक होतं. त्या आधीच्या गुरुवारी तू सदरच्या वाचनालयातून घरी आलीस आणि भाकर मोडता मोडता म्हणालीस, "ताई, असं काही सापडलं आहे की सोमवारी इन्स्पेक्टर फळ्यापुढून हलणार नाहीत." मी विचारलं, काय? तू हसलीस आणि म्हणालीस, "सोमवारीच वाच." बाबा म्हणाले, "नोको सांगू, नोको सांगू, आमी बी सोमवारीच इचारू." दोघंही हसलात. मी ताटातलं पिठलं बोटानं फिरवत बसले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले. तुझी सवय मला ठाऊक होती. आवडलेल्या मजकुराशेजारी तू पेन्सिलचा बारीक ठिपका ठेवायचीस, ग्रंथपाल चंपतरावांना दिसू नये इतका बारीक. तू कुठल्या बाकावर बसतेस, कुठल्या कपाटातले जुने अंक काढतेस, तेही ठाऊक होतं. तासाभरात सापडला. एकोणसाठ सालचा इंग्रजी मासिकाचा अंक, वरचं पान अर्धं फाटलेलं. पान सत्तेचाळीस, डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या परिच्छेदाशी तुझा ठिपका.

त्यात लिहिलं होतं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या नावावर एक पेटंट आहे. उथळ पाण्यात रुतलेली नाव हवेच्या पिशव्या फुगवून वर उचलायची युक्ती. साल अठराशे एकोणपन्नास.

मी ते वाचलं, जया. नीट वाचलं, दोनदा वाचलं. आणि तो अंक वह्यांच्या गठ्ठ्यात घालून पिशवीत टाकला. अंक घरी नेता येत नसत. चंपतराव दाराशीच बसले होते, ते मला म्हणाले, "झालं का बाई?" मी म्हटलं, झालं.

तुझी नोकरी जावी म्हणून मी तो उचलला नाही. ही माझी बाजू घेते आहे असं समजू नकोस, फक्त जे होतं ते सांगते. मला एवढंच हवं होतं की सोमवारी लिहिताना तुला तो पुन्हा पाहायला मिळू नये. साल चुकावं, नाव चुकावं, इन्स्पेक्टरांनी एकदा भुवई उंचावावी. तुझी एक तरी ओळ चुकलेली मला बघायची होती.

तुझी ओळ चुकली नाही. शब्द न् शब्द बरोबर होता.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही. इन्स्पेक्टर फळ्यापुढे थांबले, तू म्हणाली होतीस तसेच, आणि मोठ्यानं हसले. "लिंकन आणि पेटंट? बाई, एडिसन म्हणायचं असेल." तू म्हणालीस, "नाही साहेब, लिंकनच. सदरच्या वाचनालयात अंक आहे. मधल्या सुट्टीत आणून दाखवते." तू उन्हात पळत गेलीस. तासाभरानं आलीस तेव्हा तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत धुळीनं माखले होते. तू आणि चंपतरावांनी सगळी कपाटं उपसली होती. साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "इंदोऱ्यातून आल्या ना या? शिकायची हौस असते, पण वाचलं नाही तेही वाचलं म्हणायची खोड लागते." मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "सुभद्राबाई, तुम्ही थोरल्या. दहा-अकरा वर्षं फळा लिहिता. तुमच्या तरी वाचनात हे आलंय?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी मुलींना कितीदा शिकवली असेल. त्या दिवशी तो कळसा माझ्या काखेला टोचत होता.

मी म्हटलं, "नाही सर. माझ्या वाचनात नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी फळ्याकडे पाहिलं. साहेबांनी आपल्या वस्तीचं नाव घेऊन तुला खोटं ठरवलं, आणि मी त्यांची साक्षीदार झाले. शेरा काय पडला तो मी तुला सांगायला नको. एप्रिलमध्ये तुझं काम सुटलं, मे महिन्यात रुपरावांचं स्थळ आलं.

त्या संध्याकाळी बाबा फाटकाशी आले. तू आधीच घरी गेली होतीस. त्यांनी विचारलं, "आज जयानं काय लिवलं वं?" मी त्यांना सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. घरी येऊन ते तुझ्यापुढे बसले आणि म्हणाले, "पोरी, वाचलं नसन तं कबूल कर. मानसानं वाचलं नाई ते वाचलं म्हनू नाई." तू म्हणालीस, "वाचलं बाबा, या डोयानं वाचलं." ते उठून बाहेर गेले. मी चुलीपाशी होते. अंक तांदळाच्या डब्यामागे होता.

मला वाटलं होतं, आता बाबा माझं विचारतील. त्यांनी विचारणंच सोडून दिलं. पुढे सहा वर्षं जगले, पण फाटकावरून यायचं बंद केलं, दुसऱ्या रस्त्यानं घरी यायला लागले. चौऱ्याहत्तरमध्ये दवाखान्यात असताना एकदा म्हणाले, "जया लबाड नोती वं." प्रश्न होता की काय होतं, मला कळलं नाही. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणखी एक कबुली आहे. तुला वाटतं मी तुझ्या गावी कधी आले नाही. मी आले होते, एकोणऐंशीच्या डिसेंबरात. पिशवीत तो अंक होता. ठरवून निघाले होते की तुझ्या हातात ठेवायचा आणि काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. काटोल मागे पडलं तरी ठरलेलंच होतं. मग बस तुझ्या थांब्यावर आली.

खिडकीतून भिंत दिसली. काळा रंग फासलेली, आणि तिच्यावर तुझं अक्षर. जया, तुझ्या अक्षरात काय आहे ते मला आजही सांगता येत नाही. पंधरा-वीस माणसं उभी होती. कापसाची ओझी खाली ठेवून उभी होती. तू टॉलस्टॉय लिहिला होतास, सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकला म्हणून. एक म्हातारा, त्याला सगळे धोंडबा म्हणत होते, काठी आपटून म्हणाला, "मंग मी काहून नाई शिकू गा? मी तं अजून बासष्टचाच हाओ!" दुसरा म्हणाला, "आधी तुह्या सायकलीले चेन तं टाक!" सगळी बस हसली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तर कंडक्टर म्हणतो, "थांबा गा जरा, वाचू द्या लोकाइले."

माझी बस थांबवून लोक तुला वाचत होते. मी तुझी शाळा घेतली, तर तू एसटी थांबा मिळवलास. माझ्याकडे आता शाळेचा फळा सहाही दिवस आहे आणि त्याच्यापुढे कुणी थांबत नाही. मी सीटचा दांडा घट्ट धरला. मी क्षमा मागायला आले होते आणि तुझा हेवा करत बसले.

मग गोष्टीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. पुस्तकाचं नाव, पान, आणि त्याच्यापुढे: "खोटं वाटल्यास घरी यावे, पुस्तक दाखवीन." शेजारच्या बाईला मी विचारलं, हे रोज लिहितात? ती म्हणाली, "रोज. कोनी इचारत नाई तरी लिवते. मास्तरीनबाईले सोताच्याच डोयाचा भरवसा नाई म्हनते."

ते मी केलं होतं. नोकरी गेली ती गेली, पण तुझ्या डोळ्यांवरचा तुझाच भरवसा मी काढून घेतला होता. हे कळूनही मी उतरले नाही. बस हलली. शेवटच्या गावापर्यंत गेले आणि त्याच बसनं परत आले. येताना तुझा थांबा आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले होते.

आता तुझं हे पत्र. तुझा तो अभिमान. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी आणखी तेरा वर्षं काढली असती. पण मी खरं बोलले म्हणून पहिली ओळ माझ्या हातची, हे मला गिळवत नाही. तुझ्या गावासमोर, जयंतीच्या दिवशी, खोट्या मानानं खडू हातात घेण्याइतकी मी अजून उतरलेली नाही.

तू वाचलं होतंस, जया. तुझ्याच डोळ्यांनी वाचलं होतंस. मी साक्षीदार आहे.

अंक या पत्रासोबत रजिस्टर पार्सलनं पाठवते आहे. फाटलेल्या वरच्या पानाला मी खाकी कागद लावला आहे, बाकी तसाच आहे. तुझं बघून झालं की वाचनालयात मीच नेऊन देईन आणि कुठे होता तेही सांगेन. चंपतराव आता नाहीत, त्यांच्या जागी कुणी असेल त्याला सांगेन. आपल्या शाळेच्या हेडमास्तरांना वेगळं पत्र लिहिलं आहे, ते निवृत्त होऊन धंतोलीला राहतात. त्याची नक्कल पार्सलात आहे. नोकरी परत यायची नाही, मला ठाऊक आहे.

नव्या फळ्यावर पहिली ओळ तूच लिही. लिंकनच लिही. खाली नेहमीसारखा आधार दे. आणि इतकी वर्षं हा अंक कुणाकडे होता, तेही लिहायचं असेल तर नावानिशी लिही. धोंडबाला वाचू दे, कंडक्टरला वाचू दे. मी चौदा तारखेच्या सकाळच्या गाडीनं येते आहे. भीमाबाईच्या मुलीचं लग्न वीसला आहे, गुडघा जिन्यापुरताच दुखतो, ती कारणं खोटी होती. तू बोलली नाहीस तर मी भिंत वाचीन आणि परतीच्या गाडीनं निघेन. पण या वेळी उतरेन.

हेवा गेला असं मी लिहीत नाही. तुझं अक्षर दिसलं की तो परत जागा होणार आहे, मला माहीत आहे. फक्त त्याच्यासाठी आता तुझं काही उचलणार नाही. पान सत्तेचाळीसवर तुझा पेन्सिलचा ठिपका आहे. तेरा वर्षांत कितीदा तरी खोडरबर हातात घेतला होता. खोडला नाही.

त्या दिवशी "माझ्या वाचनात नाही" म्हणालेली,
आणि त्याच्या दोन दिवस आधी ते दोनदा वाचलेली,

तुझी थोरली बहीण,
सुभद्रा